जिरे येण्याआधीचे एकवीस दिवस

प्लास्टिकच्या पिशवीत सहा-सात लिटर पाणी असतं, वरच्या मोकळ्या भागात प्राणवायू भरलेला असतो आणि तोंड घट्ट आवळलेलं असतं. पिशवी उजेडाकडे धरली की पाण्यात बारीक धूळ हलताना दिसते. ती धूळ म्हणजे पंचवीस-तीस हजार मासे. कटला, रोहू, मृगळ. वय तीन दिवस, लांबी पाच-सहा मिलिमीटर. मूठभर जिरं पाण्यात विस्कटल्यासारखे दिसतात, म्हणून त्यांना मत्स्यजिरे म्हणतात.

हे जिरे तळ्यात सोडले आणि पंधरा-वीस दिवसांनी जाळं ओढलं, तर हाती काय लागतं? आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या काठाने, जैनथ-बेल्याकडे, मी हा प्रश्न ज्यांना ज्यांना विचारला, त्यांतल्या बऱ्याच जणांनी हात झटकून दाखवले. काहीच नाही. मग राग निघतो जिऱ्यांवर. माल वाईट होता, पिशवीतच अर्धे मेले होते, वाटेत गाडी तापली. कधी कधी तसं होतंही. पण बहुतेक वेळा जिरे चांगलेच असतात आणि ते येतात त्या दिवशी तळंच तयार नसतं. म्हणून या लेखात जिरे सोडल्यानंतरच्या कामापेक्षा त्याआधीच्या एकवीस दिवसांवर मी जास्त लिहिणार आहे. तिथे चुकलं तर पुढे कितीही चांगलं खाद्य घाला, गेलेली पिलं परत येत नाहीत.

पिल्लू तुमच्या हाती कोणत्या अवस्थेत येतं, ते आधी नीट समजून घ्या. अंडं फलित झाल्यापासून साधारण चौदा ते अठरा तासांत पिल्लू बाहेर पडतं. त्या वेळी त्याचं तोंड उघडलेलं नसतं. पोटाखाली बलकाची एक पिशवी असते, आईने बांधून दिलेली शिदोरीच ती. ही शिदोरी तीन दिवस पुरते. ती संपत आली की तोंड उघडतं, पिल्लू सरळ पोहायला लागतं आणि बाहेर अन्न शोधू लागतं. बीज केंद्रवाले नेमके याच वेळी जिरे विकतात. म्हणजे पिल्लू तुमच्या बांधावर पोचतं तेव्हा त्याची शिदोरी संपलेली असते आणि आयुष्यातला पहिला घास त्याला तुमच्या तळ्यात मिळायचा असतो. तो घासही कोंड्याचा किंवा पेंडीचा नसतो. डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाण्यातले बारीक जीव, रोटिफर आणि पाणपिसवा, हे त्याचं खरं अन्न. हे जीव विकत आणून एका दिवसात घालता येत नाहीत. ते पाण्यातच वाढवावे लागतात आणि त्याला दिवस लागतात.

आपल्या जिल्ह्यात हे काम शिकून घेण्यासारखं आहे. 2016 साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि कडेमसारखा मोठा जलाशय निर्मलकडे गेला. तरी सातनाला आहे, मत्तडीवागू आहे, गावोगावचे चेरुवू म्हणजे तलाव आहेत आणि आता शेततळीही झाली आहेत. तेलंगण सरकार 2016-17 पासून मच्छीमार संस्थांना मत्स्यबीज देत आलं आहे. हंगामी तलावांसाठी 35-40 मिलिमीटरची आणि बारमाही पाण्यासाठी 80-100 मिलिमीटरची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिलं, लागते. खासगी शेततळीवाल्यांनाही तीच हवी असते आणि ती बहुतेक लांबून येते. जिरे स्वस्त असतात, बोटुकली महाग. मधल्या दोन-अडीच महिन्यांच्या राखणीचे पैसे आज आपण बाहेर देतो. भोई, बेस्त, मुदिराज घरांतल्या मुलांनी हे काम गावातच केलं, तर ते पैसे गावात राहतील, असं मला मनापासून वाटतं.

आता कामाला लागू. संगोपन तळं दहा गुंठ्यांचं आहे असं धरतो, म्हणजे सुमारे हजार चौरस मीटर. पाणी एक मीटर खोल. याहून मोठं तळं पहिल्या वर्षी घेऊ नका. ते ओढजाळ्याने नीट झाडून काढता येत नाही. जिरे 20 जुलैला आणायचे आहेत असं ठरवू आणि तिथून मागे मोजत येऊ.

जागा निवडताना आपल्याकडे एक गोष्ट सगळ्यांत आधी बघावी लागते, ती म्हणजे कपाशी. आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा. जुलै-ऑगस्टमध्ये इकडे जिरे वाढत असतात आणि तिकडे फवारण्या सुरू असतात. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन यांसारखी औषधं माशांना अतिशय विषारी आहेत; अगदी थोडं औषध वाहून आलं तरी पिलं एका रात्रीत संपतात. म्हणून तळं कपाशीच्या उताराखाली नको. दुसरी जागाच नसेल तर वरच्या अंगाला चर खणा, म्हणजे शेतातलं पाणी तळ्याला वळसा घालून जाईल. बांध हातभर उंच करा. शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा की वारा तळ्याकडे असताना फवारू नको आणि पंप तळ्यात धुऊ नको. हे भांडून होत नाही. मे महिन्यात चहा पिता पिता बोलून ठेवलेलं बरं.

काळ्या मातीचं तळं पाणी छान धरतं, पण उन्हाळ्यात त्याच्या तळाला हातहात भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतच जिरतं. काठी रोवून खूण करा आणि पाणी दोन-तीन दिवस त्याच पातळीला थांबतं का, ते बघा. बांधावर गवत राहू द्या. बांध उघडा असला की प्रत्येक सरीबरोबर गाळ आत येतो, पाणी गढूळ होतं, ऊन आत पोचत नाही आणि ज्या सूक्ष्म जीवांसाठी आपण खटाटोप करतो ते वाढतच नाहीत.

29 जून. तळ्यात आधीचं पाणी असेल तर त्यातले सगळे मासे काढावे लागतात. जाळ्याने सगळे निघत नाहीत. मरळ चिखलात बसते, जाळं तिच्या अंगावरून निघून जातं. तेलुगूत तिला कोर्रमीनु म्हणतात, ती तेलंगणाचा राज्यमासा आहे आणि खायला उत्तमच. पण संगोपन तळ्यात राहिलेली एक मरळ हजारो पिलं फस्त करते. इथे आपल्या रानातला मोह कामाला येतो. मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीत सॅपोनिन असतं आणि ते माशांना मारतं. दहा गुंठ्यांना, एक मीटर पाण्याला, 250 किलो पेंड लागते. ती रात्रभर भिजवा आणि सकाळी सगळ्या तळ्यावर सारखी पसरा, कडेच्या गवतातही. काही तासांत मासे वर येऊ लागतात. ते लगेच जाळ्याने काढा. हे मासे खायला चालतात. त्या दिवसांत जनावरांना त्या पाण्यावर नेऊ नका. पेंडीचं विष उतरायला पंधरा ते एकवीस दिवस लागतात आणि उतरल्यावर तीच पेंड कुजून खत होते. ओळखीच्या घाणीवरून ताजी पेंड उन्हाळ्यातच सांगून ठेवा. ऐन जूनमध्ये शोधायला निघालात तर जुनी, जोर गेलेली पेंड गळ्यात पडते.

मोहाची पेंड मिळालीच नाही तर ब्लीचिंग पावडर 35 किलो घाला, नाका-तोंडाला फडकं बांधून. तिचा परिणाम सात-आठ दिवसांत ओसरतो, पण तिचं खत होत नाही.

तळं एप्रिल-मेमध्ये पूर्ण कोरडं पडलं असेल, तर या सगळ्याची गरज नाही. ऊन हे सगळ्यांत चांगलं औषध. तळ तडकेपर्यंत वाळू द्या आणि पाणी आत घेताना पाटाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, म्हणजे बाहेरचे मासे आणि त्यांची अंडी येणार नाहीत. दहापैकी आठ वेळा मी हाच मार्ग सुचवतो.

2-3 जुलै. चुना. पुस्तकांत दहा गुंठ्यांना 20 ते 30 किलो लिहिलेलं असतं, पण आपली काळी माती बहुधा मुळातच अल्कधर्मी असते. आधी पाण्याचा सामू तपासा, कागदी पट्टीने तपासला तरी चालेल. तो 7.5 ते 8.5 च्या आत असेल तर 20 किलोच्या वर जाऊ नका.

8-9 जुलै. शेणखत. मोहाची पेंड घातली असेल तर 500 किलो, नसेल तर 1,000 किलो. चुना आणि शेण एकाच दिवशी घालू नये. मध्ये पाच-सहा दिवस जाऊ द्या. खत एका ढिगात टाकण्यापेक्षा काठाकाठाने चार-पाच ठिकाणी ठेवलं तर पाण्याच्या हालचालीने हळूहळू मिसळतं.

17 जुलै. यापुढे पाणी रोज बघायचं. काचेच्या पेल्यात तळ्याचं पाणी घ्या आणि उजेडाकडे धरा. बारीक ठिपके उड्या मारताना दिसले पाहिजेत. नुसतं हिरवंगार पाणी म्हणजे शेवाळ झालं. थोडी तपकिरी झाक असलेलं हिरवं पाणी हवं. अधिक खात्री हवी असेल तर प्लवंगाच्या जाळीतून 50 लिटर पाणी गाळा. खाली नळीत एक ते दोन मिलिलिटर गाळ बसला, तर पिलांचं ताट वाढून ठेवलं आहे असं समजा. कमी बसला तर भुईमुगाची पेंड 35-40 किलो, शेण 10 किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेट अडीच किलो एकत्र भिजवा, एक दिवस आंबू द्या आणि ते पातळ करून सगळीकडे शिंपडा. दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. त्यासाठी जिऱ्यांची तारीख दोन दिवस पुढे ढकलावी लागली तरी ढकला. बीज केंद्राला आधी फोन केला तर ते ऐकतात.

19 जुलै. माझ्या मते सगळ्यांत जास्त टाळलं जाणारं आणि सगळ्यांत जास्त नुकसान करणारं काम या दिवशी असतं. खत घातलेल्या, मासे नसलेल्या पाण्यात पंधरा दिवसांत पाणकिडे भरमसाट होतात. उताणे पोहणारे किडे, पाणविंचू, पाणभुंगे आणि चतुराची पिलं. ती चतुराची पिलं गाळात बसून राहतात आणि जबडा झटक्यात पुढे फेकून जिरे टिपतात. यांतल्या बऱ्याच किड्यांना श्वास घ्यायला पाण्याच्या वर यावं लागतं आणि आपण तिथेच त्यांना अडवतो. स्वस्तातला धुण्याचा साबण 1.8 किलो गरम पाण्यात विरघळवा, त्यात खाण्याचं हलकं तेल 5.6 किलो घाला आणि दुधासारखं होईपर्यंत घुसळा. वारा पडलेला असताना हे तळ्यावर सगळीकडे पसरा. पाण्यावर पातळ साय धरते आणि किडे गुदमरून काठाला लागतात. वारा असेल तर साय एका कोपऱ्यात ढकलली जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. हे काम जिरे सोडण्याच्या 12 ते 24 तास आधी झालं पाहिजे. त्याहून लवकर केलं तर नवे किडे उडत येऊन बसतात. जे किडे वर येत नाहीत, त्यांच्यासाठी मच्छरदाणीच्या कापडाचं ओढजाळं दोनदा फिरवा.

एका वर्षी दोन दिवस वारा आणि झड लागली होती, म्हणून मी हे काम सोडून दिलं आणि ठरल्या दिवशी जिरे सोडले. सतरा दिवसांनी जाळं ओढलं तेव्हा चतुराची बोटभर पिलं घमेल्याने निघाली आणि मासे ओंजळीत मावतील इतके. जिरे तेच होते, केंद्र तेच होतं, खाद्यही तेच. तेव्हापासून वारा थांबला नाही तर मी जिरे आणणं थांबवतो.

19 जुलैलाच तळ्यात एक छोटा हापा बांधा, म्हणजे चारही बाजूंनी बंद अशी कापडी पेटी, आणि त्यात कुठून तरी आणलेली दहा-वीस बारीक पिलं ठेवा. दुसऱ्या सकाळी ती जिवंत असली तर पाण्यातलं विष उतरलं आहे. नसली तर पेंडीचा असर अजून बाकी आहे.

20 जुलै. जिरे रात्रीच्या प्रवासात आणा आणि सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सोडा. दुपारी नाही, जोराच्या पावसात नाही. किती आणायचे? दहा गुंठ्यांत तीन ते पाच लाख मावतात असं शास्त्र सांगतं. पहिल्या वर्षी तीन लाखांवर जाऊ नका. कटला, रोहू, मृगळ पिशव्यांवर वेगवेगळे लिहून घ्या आणि शक्यतो एका तळ्यात एकच जात वाढवा. मिसळ पुढे मोठ्या तळ्यात करता येते. खात्रीचे, एकाच जातीचे जिरे मिळणं ही आज साधी गोष्ट वाटते, पण पूर्वी ते पुराच्या नदीतून गाळून आणावे लागत आणि त्यांत शिकारी माशांचीही पिलं असत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हीरालाल चौधरी यांनी माशांना संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवलं आणि नदीवरचं हे अवलंबन तुटत गेलं. 10 जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो यामुळे.

पिशवी न उघडता तळ्याच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट झालं की तोंड उघडा आणि तळ्याचं पाणी पेल्यापेल्याने आत घाला. आणखी दहा मिनिटं थांबा. मग पिशवी कलती करा आणि पिलांना आपणहून पोहत बाहेर जाऊ द्या. ओतू नका. पिशवीच्या तळाशी पांढरी पडलेली पिलं किती उरली, ते एका कागदावर लिहून ठेवा. पुढे हिशेब करताना ते लागतं.

खाद्य दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरू करा. भुईमुगाची पेंड आणि तांदळाचा कोंडा समान भाग घ्या, दळा आणि कापडातून चाळून पीठ करा. एक लाख जिऱ्यांचं वजन सुमारे 140 ग्रॅम भरतं. पहिले पाच दिवस त्याच्या चौपट, म्हणजे तीन लाखांना रोज पावणेदोन किलोच्या आसपास. सहाव्या दिवसापासून आठपट, म्हणजे सुमारे तीन किलो चारशे ग्रॅम. अर्धं सकाळी, अर्धं संध्याकाळी, काठाकाठाने भुरभुरून. आपल्याकडे सरकीची पेंड स्वस्त आणि दारात मिळते म्हणून ती वापरण्याचा मोह होतो. तिच्यात गॉसिपॉल असतं आणि ती तंतुमय असते. ती म्हशीला घाला, या पिलांना नको.

आभाळ दोन दिवस झाकलेलं असेल तर खाद्य निम्मं करा किंवा बंद ठेवा. ऊन नसलं की पाण्यात प्राणवायू कमी तयार होतो आणि न खाल्लेली पेंड कुजताना उरलासुरलाही खाऊन टाकते. अशा वेळी पहाटे पाचला तळ्यावर जा. पिलं पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडत असतील तर पंप लावून त्याच तळ्याचं पाणी उंचावरून परत त्यात पाडा. पंप नसेल तर चार माणसं घमेल्यांनी पाणी उडवा, ऊन वर येईपर्यंत. सकाळी आठला जाऊन हे कळत नाही. तोवर जे व्हायचं ते झालेलं असतं.

बाकी राखण नेहमीची. बेडकांची अंडी फेसासारखी काठाला दिसली की काढून टाका, नाहीतर पिलांचं खाद्य टॅडपोल खातात. बांधाभोवती हातभर उंचीची नायलॉन जाळी लावली तर पाणदिवड आणि बेडूक दोन्ही अडतात. खंड्या आणि वंचक येणारच. वरून आडव्या-उभ्या दोऱ्या ताणून ठेवा.

पंधरा ते वीस दिवसांत पिलं 20-25 मिलिमीटरची होतात. काढायच्या आदल्या दिवशी खाद्य बंद. सकाळी गारव्याला जाळं ओढा आणि पिलं लगेच गाडीत न भरता काही तास हाप्यात ठेवा, म्हणजे पोट रिकामं होतं आणि वाटेत पाणी नासत नाही. गाळणीच्या छोट्या कपाने मोजा: एका कपातली पिलं खरोखर एकेक मोजायची, मग कप मोजत जायचं. सगळं नीट जमलं तर शेकडा तीस ते पन्नास पिलं हाती येतात. तीन लाखांतून नव्वद हजार ते दीड लाख. नवख्याला हा आकडा कमी वाटतो. पण मासा लाखांनी अंडी घालतो आणि नदीत त्यांतली फारच थोडी वाचतात, हे लक्षात घेतलं की शेकडा तीसही खूप वाटतात.

बोटुकलीपर्यंत स्वतः वाढवायची असतील तर तेवढ्याच दहा गुंठ्यांत फक्त वीस ते तीस हजार ठेवा. बाकीची विका किंवा दुसऱ्या तळ्यात हलवा. गर्दीत ती मरत नाहीत, पण वाढतही नाहीत आणि ऑक्टोबरात 80 मिलिमीटरची मागणी येते तेव्हा तुमच्याकडे करंगळीच्या पेराएवढी पिलं असतात.

आणि सगळीच विकली, तळं मोकळं झालं, तर हंगाम संपलेला नसतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पहिली खेप निघाली की त्याच पाण्यात दुसरी घेता येते. मरळ आधीच गेलेली असते, त्यामुळे मोहाची पेंड पुन्हा लागत नाही. जाळं दोनदा ओढून मागे राहिलेली पिलं काढा, पेंड-शेणाचं आंबवण पुन्हा शिंपडा, पेल्यात पाणी घेऊन बघा. साबण-तेल मात्र पुन्हा लागेल, आणि त्यासाठी वारा पडायची वाट बघावी लागेल.